मॅक प्रोचे प्रकरण: प्रोसेसर बदलला, तेव्हा व्यावसायिकांच्या हाती काय आले आणि हातून काय गेले

१० डिसेंबर २०१९ रोजी ॲपलने नव्या मॅक प्रोची मागणी नोंदवून घ्यायला सुरुवात केली. ५,९९९ डॉलरपासून पुढे किंमत असलेल्या या संगणकात इंटेलचा झीऑन डब्ल्यू प्रोसेसर होता आणि तो ८ कोअरपासून (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) २८ कोअरपर्यंत निवडता येत असे. मेमरीसाठी १२ स्लॉट, कार्डांसाठी ८ स्लॉट आणि १.४ किलोवॅटचा पॉवर सप्लाय अशी त्याची रचना होती, आणि वरची मूठ फिरवून कवच उचलले की आतला प्रत्येक भाग हाताला लागत असे. बरोबर सहा महिने आणि बारा दिवसांनी, २२ जून २०२० रोजी, ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर केले की मॅक संगणक इंटेलचे प्रोसेसर सोडून कंपनीच्या स्वतःच्या चिपकडे वळणार आहेत आणि हे स्थित्यंतर सुमारे दोन वर्षांत पूर्ण होईल.

या घोषणेचे मॅकबुक वापरणाऱ्यांना काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे: संगणक थंड झाला, बॅटरी दिवसभर पुरू लागली आणि वेग वाढला. या लेखाचा विषय तो नाही. चित्रपट-संकलन, ध्वनिमिश्रण, त्रिमित ॲनिमेशन, संशोधनातील आकडेमोड अशा कामांसाठी टेबलाखाली मोठी पेटी ठेवणाऱ्या व्यावसायिकांवर या बदलाचा काय परिणाम झाला, तो येथे तपासायचा आहे. माझे म्हणणे असे आहे की या वर्गासाठी वेग हा मुख्य प्रश्न कधीच नव्हता. विकत घेतल्यानंतर यंत्र किती आणि कसे वाढवायचे हा निर्णय २०१९ पर्यंत मालकाच्या हातात होता. प्रोसेसर बदलला तेव्हा तो निर्णय चिपच्या आराखड्यात, म्हणजे कारखान्यात गेला. आणि तो जाणार आहे हे मालकाला वेळेवर कोणी सांगितले नाही.

२०१९ची पेटी एका जुन्या चुकीची दुरुस्ती म्हणून आली होती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. २०१३ साली ॲपलने मॅक प्रोला काळ्या दंडगोलाचे रूप दिले. त्यात दोन मध्यम ताकदीची ग्राफिक्स कार्डे एका सामाईक धातूच्या गाभ्याभोवती बसवलेली होती. पुढच्या काळात सॉफ्टवेअर एकाच मोठ्या ग्राफिक्स कार्डाच्या दिशेने गेले आणि त्या कार्डाची उष्णता बाहेर टाकणे दंडगोलाच्या आकाराला शक्य नव्हते. यंत्र वर्षानुवर्षे तसेच विकले गेले. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलचे अधिकारी फिल शिलर, क्रेग फेडरिगी आणि जॉन टर्नस यांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून ही चूक मान्य केली आणि भाग बदलता येतील असा नवा मॅक प्रो बनवण्याचे आश्वासन दिले. त्याच बैठकीत असेही सांगण्यात आले की विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी सुमारे ८० टक्के लॅपटॉप असतात आणि मॅक प्रोचा वाटा एक अंकी टक्क्यांत आहे. पुढे जे घडले त्याचे निम्मे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आहे.

इंटेल सोडण्याची कारणे खरी होती. चिपवरचे भाग आणखी बारीक बनवण्याचे इंटेलचे १० नॅनोमीटर तंत्र अनेक वर्षे रखडले होते आणि २०१९च्या मॅक प्रोमधील झीऑनही १४ नॅनोमीटरवरच बनलेला होता. त्याच काळात आयफोन आणि आयपॅडसाठी ॲपल स्वतः आखत असलेल्या चिप दरवर्षी पुढे जात होत्या. कमी विजेत जास्त काम करणारी चिप लॅपटॉपमध्ये घालावी, हा निर्णय कोणत्याही शहाण्या अभियंत्याने घेतला असता. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या एम-१ चिपने तो योग्य ठरवला.

मोठ्या पेटीसाठी मात्र वेगळी चिप मुळापासून आखली गेली नाही. लॅपटॉपच्या चिपचेच मोठे रूप एम-१ मॅक्स म्हणून आले आणि मार्च २०२२मध्ये अशा दोन चिप एकमेकींना जोडून एम-१ अल्ट्रा तयार झाली. या घराण्यात प्रोसेसर, ग्राफिक्स आणि व्हिडिओ उलगडणारे भाग एकाच चिपवर असतात, मेमरी त्याच चिपला खेटून एकाच पट्टीवर बसवलेली असते आणि हे सर्व भाग ती मेमरी सामाईकपणे वापरतात. एका भागातून दुसऱ्या भागात माहितीची नक्कल करावी लागत नसल्यामुळे ही रचना वेगवान ठरते. एम-२ अल्ट्रामध्ये मेमरीचा प्रवाह सेकंदाला ८०० जीबी इतका आहे, तर झीऑनच्या सहा वाहिन्या मिळून साधारण १४० जीबीपर्यंत पोहोचत. पण चिपला खेटून बसलेली मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि चिपच्या कडेला जेवढी जागा तेवढीच ती मावते. लाभ आणि बंधन एकाच कारणातून जन्मले आहेत. त्यामुळे एक ठेवून दुसरे काढता येत नाही.

५ जून २०२३ रोजी नवा मॅक प्रो जाहीर झाला तेव्हा हे बंधन आकड्यांत दिसले. पेटी तीच, मूठ तीच, आत एम-२ अल्ट्रा. जुन्या पेटीत २८ कोअरच्या प्रोसेसरसह १.५ टेराबाइट मेमरी घालता येत असे. नव्या पेटीची कमाल मर्यादा १९२ जीबी, म्हणजे आठवा हिस्सा. जुन्यात चूक शोधून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती. नव्याच्या तपशीलपत्रात तिचा उल्लेख नव्हता. जुन्यात दोन मोठ्या मॉड्यूलमधून चार ग्राफिक्स प्रोसेसर बसत. नव्यात कार्डांसाठी सहा मोकळे स्लॉट होते, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही. त्या सुमारास एका जाहीर मुलाखतीत टर्नस यांनी याचे कारण दिले, ते थोडक्यात असे की सगळी रचना सामाईक मेमरीभोवती उभी आहे, तिच्यात बाहेरचे ग्राफिक्स कार्ड चांगल्या रीतीने कसे बसवायचे हे स्पष्ट नाही आणि त्या दिशेने जाण्याचा कंपनीचा विचारही नाही. उत्तर प्रामाणिक आहे. ते तीन वर्षे आधी मिळाले असते तर अनेकांचे पैसे वाचले असते.

या बदलाने ज्यांचे निर्विवाद भले झाले, ते व्हिडिओ-संकलक. प्रोरेस या ॲपलच्या व्हिडिओ-स्वरूपातले चित्रीकरण उलगडण्यासाठी २०१९च्या मॅक प्रोसोबत ॲपल आफ्टरबर्नर नावाचे कार्ड २,००० डॉलरना विकत असे. तेच काम नंतर चिपच्या आतल्या भागाकडे गेले. नव्या मॅक प्रोबद्दल ॲपलने केलेला दावा असा होता की त्यात जणू सात आफ्टरबर्नर कार्डे अंगभूत आहेत आणि ८के प्रोरेसचे २२ प्रवाह तो एकाच वेळी चालवू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा लाभ मिळवायला मॅक प्रो घेण्याची गरजच उरली नाही. तीच एम-२ अल्ट्रा चिप असलेला, तळहाताएवढ्या उंचीचा मॅक स्टुडिओ ३,९९९ डॉलरना मिळत होता आणि मॅक प्रो ६,९९९ डॉलरना. मधले ३,००० डॉलर हे मुख्यतः स्लॉटचे मोल होते. ज्या संकलकाला स्लॉट लागत नव्हते, त्याने मोठ्या पेटीचा विषय तेथेच सोडला आणि त्यात त्याचे काहीही नुकसान झाले नाही.

त्रिमित ॲनिमेशन आणि दृश्य-परिणाम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. रेडशिफ्ट, ऑक्टेन यांसारखे रेंडरर, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र काढणारी सॉफ्टवेअर, ग्राफिक्स प्रोसेसरवर चालतात आणि एकाऐवजी चार कार्डे लावली तर रेंडर जवळपास त्या प्रमाणात लवकर संपते. एका दृश्याच्या हजारो चौकटी रात्रभरात काढायच्या असतील तर हा फरक म्हणजे कामाची मुदत पाळणे किंवा चुकवणे. या लोकांना आधीच एक धक्का बसलेला होता: २०१८च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मॅकवर आले नाहीत, त्यामुळे अनेक स्टुडिओ तेव्हाच विंडोजकडे गेले. जे मागे राहिले त्यांनी २०१९च्या पेटीवर आणि एएमडीच्या कार्डांवर विश्वास टाकला. त्यांच्या कामाकडे ॲपलने अजिबात लक्ष दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२१मध्ये कंपनी ब्लेंडर या मोफत त्रिमित सॉफ्टवेअरच्या विकासनिधीत सामील झाली आणि मार्च २०२२मधल्या ब्लेंडर ३.१पासून मॅकच्या ग्राफिक्सवर त्याचा सायकल्स रेंडरर चालू लागला. सामाईक मेमरीचा एक मोठा फायदाही येथे आहे: ३२ जीबीच्या कार्डात न मावणारे अवाढव्य दृश्य नव्या चिपच्या ग्राफिक्सला पूर्ण मेमरीत ठेवता येते. तरीही ज्याचा हिशोब ‘या वर्षी दोन कार्डे, पुढच्या वर्षी आणखी दोन’ असा होता, त्याच्यासाठी तो मार्ग कायमचा बंद झाला.

दुसरा गट विंडोजही त्याच यंत्रावर चालवणाऱ्यांचा. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, सॉलिडवर्क्स ही वास्तुरचना आणि त्रिमित आराखड्यांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. इंटेलच्या मॅकमध्ये विंडोज सुरू करून देणाऱ्या बूट कॅम्पमुळे एकाच पेटीत दोन्ही सोयी मिळत. ॲपलच्या चिपवर बूट कॅम्प नाही. आभासी यंत्रात (मॅकओएसच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संगणकात) विंडोजची आर्म, म्हणजे अशा चिपसाठीची, आवृत्ती चालते, पण ज्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद हवी असते त्याला ते पुरत नाही. वास्तुविशारदाच्या कार्यालयात एका संगणकाच्या जागी दोन आले, एवढे या गटाबद्दल सांगितले तरी पुरे.

ध्वनीच्या क्षेत्राबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला येथली अडचण दिसतच नाही. ध्वनिमिश्रण करणाऱ्याला प्रचंड वेगाचा प्रोसेसर क्वचितच कमी पडतो. त्याची खरी संपत्ती म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेले प्लगइन (ध्वनीवर संस्कार करणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर) आणि त्यांच्यावर उभे असलेले जुने प्रकल्प. चार वर्षांपूर्वी मिसळलेल्या चित्रपटाची नवी आवृत्ती काढायची असेल, तर तो प्रकल्प उघडल्यावर तेव्हा ऐकू आले तसेच आजही ऐकू आले पाहिजे. एखादा रिव्हर्ब (आवाजाला घुमाव देणारा प्लगइन) नाहीसा झाला तर ते काम पुन्हा करावे लागते. इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालावे म्हणून ॲपलने रोझेटा-२ हा अनुवादक दिला आणि तो आश्चर्य वाटावे इतका चांगला निघाला. परंतु प्लगइन हा स्वतंत्र कार्यक्रम नसतो. तो मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून चालतो, आणि एकाच प्रक्रियेत अर्धे सूचनासंच इंटेलचे व अर्धे नव्या चिपचे असे चालत नाही. याचा अर्थ असा की मुख्य सॉफ्टवेअर नव्या चिपसाठी तयार झाले, तरी त्यातला एक महत्त्वाचा प्लगइन जुना असेल तर संपूर्ण सॉफ्टवेअर रोझेटामध्येच चालवावे लागते. ॲपलच्या लॉजिक या ध्वनी-सॉफ्टवेअरने जुने ऑडिओ युनिट प्रकारचे प्लगइन वेगळ्या प्रक्रियेत चालवून यातून वाट काढली. इतर अनेकांना ती वाट नव्हती. म्हणजे दोनशे प्लगइनांच्या ताफ्याचा वेग ठरवत होता सर्वांत मागे राहिलेला एक प्लगइन, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या छोट्या, कदाचित एकाच माणसाच्या कंपनीने बनवलेला असे. त्या माणसाने धंदा बंद केला असेल तर प्रश्नाला उत्तरच नव्हते.

कार्डांचे तसेच. रोझेटा वापरकर्त्याच्या सॉफ्टवेअरचा अनुवाद करते, ड्रायव्हरचा करत नाही. ऑडिओ इंटरफेस, ध्वनिप्रक्रियेचे डीएसपी कार्ड, स्टोरेज कार्ड या प्रत्येकाचा ड्रायव्हर नव्या चिपसाठी नव्याने बनवावा लागला. आणि तो जुन्या पद्धतीने थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरणारा असेल, तर संगणक रिकव्हरी या दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करून सुरक्षेची पातळी खाली आणावी लागते. मुंबईतल्या एखाद्या ध्वनिमिश्रण-केंद्रात शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाचे काम बुधवारी चालू असते, तेव्हा हे प्रयोग कोणी करत नाही. तेथे यंत्रणा एकदा स्थिर झाली की तिला हात न लावणे हाच नियम असतो, आणि तो नियम आळसातून आलेला नाही.

आता काळाचा हिशोब पाहू, कारण माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. दोन वर्षांचे स्थित्यंतर मॅक प्रोच्या बाबतीत तीन वर्षे चालले. दरम्यान, घोषणेनंतर चौदा महिन्यांनी, ऑगस्ट २०२१मध्ये, ॲपलने इंटेलच्या मॅक प्रोसाठी नवी ग्राफिक्स मॉड्यूल बाजारात आणली. त्यांपैकी डब्ल्यू ६९००एक्सची किंमत ६,००० डॉलर, म्हणजे मूळ संगणकाइतकीच होती. मार्च २०२२च्या कार्यक्रमात टर्नस यांनी आता फक्त मॅक प्रो उरला आहे आणि तो विषय पुन्हा कधीतरी, एवढेच सांगितले. इंटेलचा मॅक प्रो ५ जून २०२३पर्यंत विकला जात होता. जून २०२५मध्ये जाहीर झाले की मॅकओएस २६ टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, त्यानंतर तीन वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, आणि रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७पर्यंतच राहील. म्हणजे मे २०२३मध्ये पूर्ण किमतीला पेटी घेणाऱ्याच्या यंत्राला मिळणाऱ्या नव्या आवृत्त्यांचा शेवट सुमारे दोन वर्षांत समोर आला.

भारतातल्या छोट्या स्टुडिओच्या मालकाने हा हिशोब जमाखर्चाच्या वहीत कसा पाहिला असेल? प्राप्तिकराच्या नियमांनुसार संगणकावर घटत्या मूल्याने दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. शंभर रुपयांची वस्तू तीन वर्षांनंतर वहीत २१ रुपये ६० पैशांवर येते. त्यामुळे लेखापालाच्या दृष्टीने यंत्र जुने झालेलेच असते आणि त्याला यात काही वावगे दिसत नाही. पण जो माणूस ते चालवतो त्याने ते सात-आठ वर्षे चालेल, मध्ये मेमरी आणि कार्ड बदलता येईल, या अपेक्षेने घेतलेले असते, आणि मॅक प्रोच्या बाबतीत ती अपेक्षा २०१७पासून स्वतः कंपनीनेच जागवलेली होती. कंपनीने २०२० सालीच ‘पुढच्या मॅक प्रोमध्ये ग्राफिक्स कार्ड चालणार नाही’ एवढे एक वाक्य सांगितले असते, तर २०२१चे मॉड्यूल कोणी घ्यायचे आणि कोणी नाही हे ज्याचे त्याला ठरवता आले असते. येऊ घातलेल्या वस्तूविषयी कंपन्या बोलत नाहीत ही रीत फोनपुरती समजण्यासारखी आहे. सहा हजार डॉलरच्या कार्डाचा ग्राहक वेगळ्या वागणुकीस पात्र होता, असे मला ठामपणे वाटते.

याआधीही ॲपलने प्रोसेसर बदलला होता आणि त्या वेळच्या मॅक प्रोशी तुलना केल्यास आजच्या बदलाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवरपीसी प्रोसेसरकडून इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. त्यानंतर चार महिन्यांनी चार कोअरचा पॉवर मॅक जी-५ बाजारात आला आणि ऑगस्ट २००६मध्ये इंटेलच्या मॅक प्रोने त्याची जागा घेतली. त्या वेळीही हाल झाले: फोटोशॉपची इंटेलसाठी बनलेली पहिली आवृत्ती एप्रिल २००७मध्ये आली, तोवर चित्रकार आणि मुद्रणवाले जुन्या रोझेटावर, म्हणजे त्या वेळच्या अनुवादकावर, रखडत काम करत होते, ऑगस्ट २००९च्या स्नो लेपर्ड या प्रणालीच्या आवृत्तीने पॉवरपीसीची यंत्रे वगळली आणि जुलै २०११च्या लायनने जुनी रोझेटाही काढून टाकली. मुदत साधारण आजच्याइतकीच आखूड होती. फरक दिशेचा होता. २००६च्या बदलाने मॅकला बाजारातल्या सर्वसामान्य सुट्या भागांच्या जवळ नेले: तोच झीऑन, तशीच मेमरी, तसेच स्लॉट, आणि एप्रिल २००६मध्ये आलेल्या बूट कॅम्पमुळे विंडोजसुद्धा. व्यावसायिकाने काही गमावले, पण बदल्यात निवड वाढली. २०२०च्या बदलाने मॅक त्या भागांपासून दूर नेला. वेग, शांतता आणि कमी वीजवापर मिळाला आणि निवड कमी झाली.

मोठी पेटी पुढे मागेच पडत गेली. मार्च २०२५मध्ये मॅक स्टुडिओला एम-३ अल्ट्रा चिप आणि ५१२ जीबीपर्यंत मेमरी मिळाली, ज्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी भाषा-प्रारूपे स्वतःच्या टेबलावर चालवणाऱ्यांना ते यंत्र एकाएकी आकर्षक वाटू लागले. मॅक प्रो तेव्हा एम-२ अल्ट्रावर आणि १९२ जीबीवरच थांबलेला होता. स्लॉट हवे असणारा ग्राहक त्यामुळे जुन्या चिपसाठी जास्त पैसे देत होता. अनेक ध्वनी-केंद्रांनी मॅक स्टुडिओ घेऊन कार्डे थंडरबोल्ट केबलने जोडलेल्या बाहेरच्या पेटीत ठेवली. ही व्यवस्था चालते. एका केबलवर आणि एका अधिकच्या पंख्यावर विसंबून चालते, एवढेच.

आज ज्यांच्याकडे २०१९ची पेटी आहे त्यांच्यापुढचा प्रश्न नवे यंत्र कोणते घ्यावे हा नाही, त्याचे उत्तर बहुतेकांना मिळालेले आहे. प्रश्न जुन्या कामांचा आहे. नव्या चिपवर इंटेलसाठीच्या जुन्या मॅकओएस आवृत्त्या आभासी यंत्रातही नीट चालवता येत नाहीत आणि रोझेटाची मुदत ठरलेली आहे. म्हणून व्यवहारात मार्ग उरतो तो असा: रोझेटा आहे तोवर नव्या यंत्रावर प्रत्येक महत्त्वाचा प्रकल्प उघडून पाहायचा, जो प्लगइन पुढे येणार नाही त्याचा आवाज त्या ट्रॅकमध्येच कायमचा उतरवून ठेवायचा, आणि जुनी पेटी इंटरनेटपासून तोडून, आहे त्या प्रणालीवर, आहे त्या कार्डांसह, एका कोपऱ्यात चालू स्थितीत ठेवायची. १.४ किलोवॅटचा पॉवर सप्लाय असलेले ते यंत्र मग वर्षातून चार-दोन वेळा सुरू होईल, कोणाला तरी जुन्या चित्रपटातला एखादा मूळ ट्रॅक हवा असेल तेव्हा.